तलावाला सूर्याची ऊब

पौष महिन्यातील एखाद्या सकाळी विहिरीत सूर मारणारी मुले तुम्ही पाहिली असतील. कदाचित तुम्हीही त्यांच्यापैकीच एक असाल. काठावर उभे असताना थंडीने दात वाजत असतात, पण पाण्यात उडी घेतली की तेच पाणी चक्क कोमट लागते. विहीर खोल असते, भोवतीच्या जमिनीची ऊब तिच्या पाण्याला मिळत असते आणि वारा तिच्या तळापर्यंत पोहोचत नाही. परंतु हीच मुले त्याच सकाळी उघड्यावरच्या, फरशीने बांधलेल्या तलावात उतरली, तर पहिल्याच बुडीला अंगावर काटा उभा राहतो. आदल्या दिवशी त्या तलावावर सकाळपासून संध्याकाळपर्यंत लख्ख ऊन पडलेले असते. मग ती सारी उष्णता गेली कोठे?

हाच प्रश्न अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यातील लोकांना मोठ्या प्रमाणावर पडला. या राज्याच्या दक्षिण भागात पाऊस थोडा आणि ऊन भरपूर. वर्षातील बहुतेक दिवस आकाश निरभ्र असते. तेथील लक्षावधी घरांच्या परसात पोहण्याचे खाजगी तलाव आहेत. आपल्याकडे परसात तुळस, अळू आणि फार तर एखादे शेवग्याचे झाड असते. तेथे तलाव असतो. एका कुटुंबाला एक तलाव कशाला हवा, असे आपल्या मनात आल्यावाचून राहत नाही, आणि ज्या गावी पाण्याच्या टँकरची वाट पाहावी लागते तेथील मुलाच्या मनात तर ते हटकून येईल. पण तलाव आहेत, ही वस्तुस्थिती आहे. आणि गंमत अशी, की एवढे ऊन असूनही या तलावांचे पाणी वर्षातील कितीतरी महिने पोहण्याजोगे नसते. दिवस उबदार असतात, पण हवा कोरडी असल्यामुळे रात्री थंड पडतात. एप्रिल महिन्यात तलावाचे पाणी १८ अंशांच्या आसपास असले, तर पोहणाऱ्याला ते २७-२८ अंश तरी हवे असते.

हे आठ-दहा अंश ऐकायला किरकोळ वाटतात. आपण घरी आंघोळीचे पाणी तापवितो ते याहून कितीतरी अधिक. पण आंघोळीला बादलीभर पाणी लागते. तलावाचा हिशेब वेगळा आहे. तो आपण मांडून पाहू.

समजा, तलाव ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि सरासरी दीड मीटर खोल आहे. त्यात ४८ घनमीटर, म्हणजे ४८,००० लिटर पाणी मावेल. एक लिटर पाण्याचे तापमान एका अंशाने वाढविण्यास जी उष्णता लागते तिला एक किलोकॅलरी म्हणतात. तेव्हा हा तलाव एका अंशाने तापवावयाचा तर ४८,००० किलोकॅलरी उष्णता पाहिजे आणि दहा अंशांनी तापवावयाचा तर ४,८०,०००. आता आपल्या स्वयंपाकघरातील गॅसचे सिलिंडर घ्या. त्यात १४.२ किलो गॅस असतो. तो सारा जाळला आणि त्यातील वीस टक्के उष्णता धुराबरोबर निघून गेली असे धरले, तर सुमारे सव्वा लाख किलोकॅलरी पाण्याला मिळतात. म्हणजे हा एक तलाव एकदा तापविण्यास जवळजवळ चार सिलिंडर रिकामी होतील! ज्या गॅसवर एखाद्या घरचा कित्येक आठवड्यांचा स्वयंपाक होतो, त्याच्या चौपट गॅस केवळ पोहण्याच्या हौसेसाठी. आणि एवढे करूनही काम संपत नाही. कारण रात्र पडली की तलाव पुन्हा थंड होऊ लागतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गॅस पेटवावा लागतो. कॅलिफोर्नियात अनेक ठिकाणी असेच केले जात असे, आणि काही ठिकाणी आजही केले जाते.

मग उन्हाचाच उपयोग का करू नये? कल्पना काही नवी नव्हे. जिनिव्हा येथील होरास द सोस्यूर या शास्त्रज्ञाने १७६७ साली काचेच्या पाच पेट्या एकीत एक अशा बसविल्या आणि त्या उन्हात ठेवल्या. सर्वांत आतील पेटी इतकी तापली, की तेथील पारा ८७ अंशांच्या वर चढला. पुढे त्याने लाकडाची पेटी केली, तिला आतून काळ्या बुचाचे अस्तर लावले आणि वर काचा बसविल्या. तिच्यातील उष्णता तर पाण्याच्या उकळबिंदूच्याही पलीकडे गेली. सोस्यूर मोठा चौकस गृहस्थ. ही पेटी घेऊन तो आल्प्समधील एका पर्वताच्या माथ्यावर चढला. तेथे बाहेरची हवा पुष्कळच थंड होती, तरीही पेटीच्या आतील तापमान जवळजवळ खालच्या इतकेच भरले. काच उन्हाला आत येऊ देते, परंतु आतील उष्णतेला सहजासहजी बाहेर जाऊ देत नाही, हे त्याच्या पेटीने स्पष्ट दाखविले.

या पेटीतूनच पुढे सूर्यचूल आणि सौर बंब जन्माला आले. अमेरिकेत १८९१ साली क्लॅरेन्स केम्प याने काळ्या रंगाच्या पाण्याच्या टाक्या काचेच्या झाकणाच्या पेटीत ठेवून छपरावर बसविण्याची युक्ती विकावयास काढली. तिचा दोष एवढाच, की टाकी उघड्यावर असल्यामुळे रात्रीतून पाणी निवून जाई. १९०९ साली कॅलिफोर्नियातील विल्यम बेली याने तो दोष दूर केला. त्याने ऊन खाणाऱ्या नळ्या निराळ्या आणि पाणी साठविणारी टाकी निराळी केली. टाकी घरात, चांगली गुंडाळून ठेवलेली. तिच्यातील पाणी दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत गरम राही. म्हणून त्याने आपल्या उपकरणाचे नावच ‘डे अँड नाइट’ म्हणजे ‘दिवस आणि रात्र’ असे ठेवले. १९१३ साली तेथे कडाक्याची थंडी पडली, नळ्यांतील पाणी गोठले आणि नळ्या फुटल्या. पाणी गोठताना फुगते, हे तुम्हांला ठाऊक आहेच. बेलीने खचून न जाता नळ्यांत मद्यार्क मिसळलेले पाणी फिरविण्यास सुरुवात केली. पण १९२० नंतर त्या भागात जमिनीतून भरपूर आणि स्वस्त गॅस निघू लागला, तेव्हा मात्र त्याचा इलाज चालेना. सूर्याचे ऊन फुकट असूनही लोक गॅसकडे वळले, आणि बेलीची कंपनीसुद्धा गॅसचे बंब विकू लागली.

पुढे १९७३ साली खनिज तेलाची टंचाई पडून जगभर इंधनाचे भाव भडकले. तेव्हा कॅलिफोर्नियाला पुन्हा सूर्याची आठवण झाली. या वेळी घराच्या बंबाबरोबर परसातील तलावही लोकांच्या डोळ्यांसमोर होता. सौर उपकरण बसविणाऱ्याला सरकारने करात सवलत दिली आणि अनेकांच्या छपरांवर काळ्या चटया दिसू लागल्या.

होय, चटयाच. तलाव तापविणारे हे उपकरण दिसावयास अगदीच साधे असते. त्याला ना काच, ना पेटी, ना तांब्याच्या नळ्या. काळ्या प्लास्टिकच्या बारीक बारीक नळ्या एकमेकींना खेटून ओळीने बसविलेल्या असतात आणि त्यांची खालची व वरची टोके एकेका जाड नळीत उघडतात. अशी एक एक चटई छपराच्या दक्षिणेकडील उतारावर अंथरून पट्ट्यांनी घट्ट बांधतात. दक्षिणेकडे का, तर तेथे दुपारचा सूर्य नेहमी दक्षिणेला असतो. ऑस्ट्रेलियातही अशा चटयांचा पुष्कळ प्रसार आहे. मात्र तो देश विषुववृत्ताच्या दुसऱ्या बाजूला असल्यामुळे तेथे त्या उत्तरेकडे तोंड करून बसवितात!

येथे तुमच्यापैकी एखादा हुशार विद्यार्थी विचारील, की सोस्यूरने काचेचे एवढे महत्त्व दाखविले असताना या चटयांवर काच का नाही? प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर समजले म्हणजे सारा विषय समजला.

कोणतीही वस्तू आपल्या भोवतालच्या हवेपेक्षा जितकी अधिक तापलेली, तितक्या झपाट्याने ती उष्णता गमावते. उकळता चहा पहिल्या पाच मिनिटांत जितका निवतो, तितका पुढच्या पाच मिनिटांत निवत नाही. आंघोळीचे पाणी ६० अंशांपर्यंत तापवावयाचे असते. म्हणजे भोवतालच्या हवेहून कितीतरी अधिक. त्यामुळे तेथे काचेचे पांघरूण हवेच, नाहीतर मिळविलेली उष्णता वाऱ्यावर जाईल. तलावाचे पाणी मात्र २७-२८ अंशांच्या पुढे न्यावयाचे नाही. दुपारची हवाच २२-२५ अंशांची असते. पाणी आणि हवा यांच्या तापमानात फरकच थोडा; मग उष्णता निसटणार ती किती? उलट काच बसविली तर अंगावर पडणाऱ्या उन्हापैकी काही भाग ती परत फेकून देते. म्हणजे येथे काच लावणे हा खर्च तर खराच, पण वर तोटाही.

याच कारणाने चटईतून पाणी संथपणे न सोडता पुष्कळ आणि वेगाने खेळवितात. नवा माणूस छपरावरून परत येणाऱ्या पाण्याला हात लावतो आणि हिरमुसला होतो. कारण ते गरम मुळीच नसते, तलावातील पाण्यापेक्षा जेमतेम दोन-चार अंशांनी उबदार असते. त्याला वाटते, उपकरण बिघडले. मग तो पाण्याची धार बारीक करतो. आता पाणी चांगले चटका देण्याइतके येऊ लागते आणि गृहस्थ खूश होतो. वास्तविक त्याने स्वतःचे नुकसान करून घेतलेले असते! थोडे पाणी फार तापले, चटईही तापली आणि तिने आपली उष्णता हवेला वाटून टाकली. पुष्कळ पाणी थोडे तापणे हेच तलावाच्या दृष्टीने फायद्याचे. चटईला हात लावून पाहावा. दुपारच्या उन्हात ती थंड लागली तर काम उत्तम चालले आहे असे समजावे.

आता पुन्हा हिशेबाकडे वळू. स्वच्छ दुपारी एक चौरस मीटर जागेवर ताशी सुमारे ८६० किलोकॅलरी उष्णता पडते. आपल्या तलावाच्या पृष्ठभागाचे क्षेत्रफळ ३२ चौरस मीटर आहे. साधारणतः तलावाच्या निम्म्यापासून ते त्याच्याएवढ्या क्षेत्रफळाच्या चटया लावतात. आपण २४ चौरस मीटर धरू. सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन जमेस धरून दिवसभरात पाच तासांचे भर ऊन मिळाले, आणि त्यातील सत्तर टक्के पाण्यात उतरले, तर दिवसाला सुमारे ७२,००० किलोकॅलरी हाती येतात. म्हणजे रोज दीड अंश. शिवाय तलावाचे पाणी स्वतःही ऊन खातच असते. एका आठवड्यात पाणी पोहण्याजोगे व्हावयास हरकत नाही.

प्रत्यक्षात मात्र कित्येकांचा तलाव आठवड्याने काय, महिन्यानेही तापला नाही. छपरावर चटया नव्या कोऱ्या, पंप ठणठणीत, ऊन कडक; आणि पाणी गारच्या गार. पहिल्या परिच्छेदातील आपला प्रश्न येथे पुन्हा उभा राहतो. उष्णता जाते कोठे?

उत्तर आपल्या घरातील माठात आहे. उन्हाळ्यात माठ पाझरतो, पाझरलेल्या पाण्याची वाफ होते, आणि वाफ होताना ती आतल्या पाण्यातील उष्णता घेऊन जाते. म्हणून माठातील पाणी गार होते. उघडा तलाव हा एक प्रचंड माठच आहे. त्याच्या पृष्ठभागावरून रात्रंदिवस पाणी उडून जात असते. ते डोळ्यांना दिसत नाही, त्याचा आवाज होत नाही. पण एक लिटर पाणी असे गुपचूप उडून जाते तेव्हा ते सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता बरोबर नेते. एवढ्या उष्णतेत सात लिटर गार पाणी जवळजवळ उकळीपर्यंत आले असते! हवा कोरडी असून वारा वाहत असेल, तर तलावाची पातळी एका दिवसात पाच मिलिमीटर सहज उतरते. पाच मिलिमीटर म्हणजे तुमच्या करंगळीच्या जाडीपेक्षाही कमी. पण ३२ चौरस मीटरांच्या तलावातून ते १६० लिटर पाणी होते, आणि त्याच्याबरोबर जाणारी उष्णता सुमारे ९३,००० किलोकॅलरी. चटयांनी दिवसभर राबून मिळविले ७२,०००, आणि वाऱ्याने नेले ९३,०००! उघड्या तलावाची जी उष्णता वाया जाते, तिच्यातील सुमारे ७० टक्के एकट्या बाष्पीभवनाने जाते असे शास्त्रज्ञ सांगतात. उरलेल्या उष्णतेपैकी बरीचशी रात्री स्वच्छ आकाशाकडे निघून जाते.

तेव्हा तलाव तापविण्याचा पहिला उपाय छपरावर नसून पाण्यावर आहे. तलावावर पारदर्शक प्लास्टिकचे पांघरूण घालावयाचे. या पांघरुणाच्या एका बाजूस हवेचे लहान लहान फुगे असतात, त्यामुळे ते पाण्यावर तरंगते आणि थोडीशी ऊब धरूनही ठेवते. ऊन त्यातून आत जाते, पण पाण्याची वाफ बाहेर जाऊ शकत नाही. याचा पडताळा तुम्ही घरीही घेऊ शकता. दोन सारख्या परातींत सारखेच पाणी घ्या. एकीवर स्वच्छ प्लास्टिकचा कागद पाण्याला टेकेल असा पसरा, दुसरी उघडी ठेवा, आणि दोन्ही उन्हात व वाऱ्यावर मांडा. दुपारी तीन वाजता दोन्हींत बोट बुडवून पाहा. दोन्हींत पाणी किती उरले तेही पाहावयास विसरू नका.

पाणी किती उरले, ही गोष्ट कॅलिफोर्नियात तरी लहानसहान नव्हती. २०१२ ते २०१६ या काळात तेथे मोठा दुष्काळ पडला होता. रोजचे १६० लिटर म्हणजे आपल्याकडील सुमारे दहा हंडे. दहा हंडे पाणी डोक्यावरून आणणे म्हणजे काय, हे आपल्या मराठवाड्यातील किंवा माण तालुक्यातील एखाद्या मुलीला विचारा.

मात्र या पांघरुणाबद्दल एक गोष्ट नीट ध्यानात धरली पाहिजे. ते अंथरलेले असताना, किंवा अर्धेच गुंडाळलेले असताना, कोणीही पाण्यात उतरावयाचे नाही. पातळ पांघरूण जमिनीसारखे दिसते, पण ते लहान मुलाचेही वजन पेलत नाही. त्यावर पाय दिला की माणूस आत जातो, ओले प्लास्टिक अंगाला चिकटते आणि डोके वर काढावयास वाट सापडत नाही. चांगला पोहणाराही तेथे घाबरतो. म्हणून पोहण्यापूर्वी पांघरूण संपूर्ण काढून घ्यावयाचे आणि तलावाभोवतीचे कुंपण व त्याचे दार नेहमी बंद ठेवावयाचे, असा कडक नियम असतो.

आता हे सारे दिवसभर कसे चालते ते पाहू. तलावाचे पाणी स्वच्छ ठेवण्यासाठी एक पंप ते सतत ओढून गाळणीतून पाठवीत असतो. सूर्यासाठी निराळा पंप सहसा लागत नाही. याच पंपाच्या वाटेवर एक तिठा करतात. एक वाट सरळ तलावाकडे, दुसरी छपराकडे. तिठ्यावरची झडप फिरविण्यासाठी माणूस उभा राहत नाही. एक छोटा तापमापक छपरावर आणि दुसरा पाण्याच्या नळीत असतो, आणि त्या दोघांकडून वार्ता घेणारी एक पेटी भिंतीवर असते. छप्पर पाण्यापेक्षा काही अंशांनी अधिक तापले की पेटी झडप फिरविते आणि पाणी वर चढू लागते. ते चटईच्या खालच्या टोकातून आत शिरते आणि वरच्या टोकातून, तेही समोरच्या कोपऱ्यातून, बाहेर पडते. त्यामुळे नळ्यांतील हवा वरून निघून जाते आणि प्रत्येक नळीच्या वाट्याला सारखे पाणी येते. ढग आला की पाणी खालच्या वाटेने, ढग सरला की पुन्हा वर. पंपाला वीज लागते हे खरे, आणि पाणी छपरापर्यंत चढवावयाचे असल्यामुळे त्याला थोडे अधिक बळ लावावे लागते. परंतु त्या विजेच्या कितीतरी पट उष्णता सूर्य देतो.

उन्हाळ्याच्या भरात कधी कधी उलटाच प्रसंग येतो. पाणी इतके तापते की पोहताना अंगाला तरतरी वाटेनाशी होते. तेव्हा मालक पेटीला उलटी आज्ञा देतो. दिवसा चटया बंद आणि रात्री चालू! रात्रीच्या मोकळ्या आकाशाखाली त्याच काळ्या नळ्या पाण्यातील उष्णता बाहेर टाकतात आणि सकाळी तलाव थोडा निवलेला असतो. जी वस्तू ऊन चांगले पिते ती रात्री उष्णताही चांगली टाकते, हा निसर्गाचा नियमच आहे. आपल्या गच्चीवरील काळी टाकी वैशाखात दुपारी हात पोळण्याइतकी तापते आणि पहाटे मात्र गार लागते, तेही याच नियमाने.

बेलीच्या नळ्या थंडीने फुटल्या होत्या हे तुम्हांला आठवत असेल. या चटयांना ते भय फारसे नसते, आणि त्यासाठी मद्यार्कही लागत नाही. चटईच्या वरच्या टोकाजवळ एक लहानशी झडप असते. दिवस मावळला आणि पाणी वर येणे थांबले, की ती आपोआप उघडून बाहेरची हवा आत घेते. हवेला वाट मिळताच छपरावरचे पाणी आपल्याच वजनाने खाली निघते. थोडा वेळ नळीतून गडगड असा आवाज येतो, तलावाच्या काठाशी बुडबुडे उठतात, आणि मग चटया रिकाम्या होऊन रात्रभर कोरड्या पडून राहतात. तोवर घरातील कोणीतरी बाहेर येऊन पाण्यावर पांघरूण ओढून घेतो.